घरकुलामागचे हात

देहूरोड सोडून लोकल तळेगावकडे निघाली की बेगडेवाडीनंतर घोरावाडी लागतं. या भागातला घोरवडेश्वराचा डोंगर सगळ्यांच्या ओळखीचा, आणि त्याच्या पोटातली शेलारवाडीची लेणीही. तिथल्या एका ब्राह्मी लेखात धेनुकाकटच्या एका बाईचं नाव आहे. उसभणक नावाच्या, नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याची ती पत्नी. नंद या मुलासह तिनं इथलं लेणं दान दिलं. पुढे कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल शेठजींचं नाव कोरलेलं आहे, तसंच दार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचंही. निवारा उभा राहायला ज्यांचे हात लागले त्यांची नावं लिहून ठेवण्याची रीत मावळात इतकी जुनी आहे.

आजच्या काळात ग्रामीण महाराष्ट्रात हे काम महाआवास अभियानाचे पुरस्कार करतात. २० नोव्हेंबर हा आवास दिन. २०१६ साली याच तारखेला प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागासाठी सुरू झाली. २०२० साली त्याच दिवशी राज्यानं शंभर दिवसांचं अभियान जाहीर केलं, तेव्हा हसन मुश्रीफ ग्रामविकास मंत्री होते. सुमारे ८ लाख ८२ हजार घरकुलांचं लक्ष्य होतं. घरकुलं मंजूर होऊनही वर्षानुवर्षं अर्धवट राहत होती आणि ती पूर्ण करायची तर शासनाच्या एकट्याच्या बळावर भागणारं नव्हतं. म्हणून कामाची पाहणी करून राज्य, विभाग, जिल्हा आणि तालुका पातळीवर गौरव करायचं ठरलं. उत्तम काम करणारे जिल्हे, तालुके, ग्रामपंचायती तर त्यात आहेतच. पण चांगलं गृहसंकुल, बहुमजली इमारत, घरकुलांना सरकारी जागा मिळवून देणं, वाळू उपलब्ध करून देणं अशा कामांचीही स्वतंत्र दखल घेतली जाते. मला या यादीतलं हेच मोलाचं वाटतं. घर कुठे अडतं हे माहीत असलेल्या कुणीतरी ती केलेली आहे.

घर अडतं ते असं. सपाट भागात अनुदान १ लाख २० हजारांचं. त्याशिवाय रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार मिळतात. २०२५ मध्ये राज्यानं आणखी ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. पैसे हप्त्यांनी येतात आणि प्रत्येक हप्त्याआधी मोबाइलवर जागेच्या अक्षांश-रेखांशासह फोटो चढवावा लागतो: मोकळी जागा, जोतं, लिंटेल, छत. हे फोटो काढणारा, जोत्याची मापं बघणारा, भिंत चुकली तर गवंड्याला सांगणारा माणूस म्हणजे ग्रामीण गृहनिर्माण अभियंता. यांतले बहुतेक कंत्राटी. ग्रामसेवक कागद जमवतो: आधार, बँक खातं, रोजगार हमीचं जॉबकार्ड, जागेचा उतारा. यातला एखादा कागद चुकला की हप्ता थांबतो, आणि थांबलेल्या हप्त्यावर पावसाळा आला की उघड्या भिंती भिजत राहतात.

मावळात पावसाळा म्हणजे थट्टा नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, कुठेही जा, जूनपासून चार महिने बांधकाम थंड. मग भातकापणी. ती उरकली की बांधायला मोकळा वेळ मिळतो. त्या अर्थानं पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांतला अभियानाचा काळ इथल्या शेतकऱ्याला सोयीचा आहे.

कातकऱ्यांना मात्र तो मुळीच सोयीचा नाही. दिवाळी झाली की वाडीतली कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात आणि उन्हाळा संपताना परततात. ज्या महिन्यांत त्यांचं घर बांधायचं, त्याच महिन्यांत ती दुसऱ्यांच्या घरांच्या विटा पाडत असतात. वाडीत उरतात म्हातारी माणसं. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींना घरासाठी २ लाख रुपये ठेवले आहेत. पैशांचा प्रश्न त्यामुळे थोडा हलका झाला. पण भट्टीवर जाऊन त्या कुटुंबाला गाठणं, भट्टीमालकाकडून घेतलेली उचल फिटायच्या आत त्यांना चार दिवस मोकळं करून आणणं, नाव-आडनाव कागदोकागदी वेगळं असलेल्या माणसाचं खातं उघडून देणं, हे कोणत्याही परिपत्रकानं होत नाही. ते एखादा ग्रामसेवक, एखादी अंगणवाडी ताई, एखादा संस्थेचा कार्यकर्ता करतो. पूर्ण झालेल्या घरांची टक्केवारी काढली तर भट्टीवरून माणूस शोधून आणून बांधलेलं एक घर आणि रस्त्याकडेच्या गावातलं सोपं एक घर सारखंच मोजलं जातं. तिथे पुरस्कार देणाऱ्यांनी वजन वेगळं धरायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा अडसर जागेचा. तळेगाव दाभाडे नगरपरिषदेची हद्द ओलांडून ग्रामपंचायतींकडे वळलं तरी जमिनीचे भाव उतरत नाहीत. द्रुतगती मार्ग, चाकणचे कारखाने आणि विकेंडचे बंगले यांनी ते चढवले आहेत. भूमिहीनाला ५०० चौरस फूट जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आता १ लाख रुपये मिळतात. घोरावाडीच्या आसपास त्या रकमेत काय मिळणार? म्हणून गावठाणाजवळची गायरान जागा मोकळी करून देणारी ग्रामसभा, किंवा भावकीला समजावून आपल्या बांधावरचा तुकडा बक्षीसपत्रानं देणारा शेतकरी, हा या कामातला खरा भागीदार. मोठ्या कंपन्यांनी सिमेंट-पत्रे दिले की त्यांचा फोटो छापून येतो. बक्षीसपत्र करून देणाऱ्या शेतकऱ्याचा कुठेच येत नाही. मावळच्या पंचायत समितीनं वडगावात तालुक्याच्या पुरस्कारांच्या कार्यक्रमात त्याला पहिल्या रांगेत बसवावं.

गवंड्यांचंही तसंच. आवास योजनेत ग्रामीण गवंडी घडवण्याचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे. शिकणारे प्रत्यक्ष एखाद्या लाभार्थ्याचं घर बांधूनच शिकतात. झारखंडमध्ये बायका गवंडीकामात उतरल्या, शौचालयं बांधू लागल्या आणि ‘रानी मिस्त्री’ म्हणून नावाजल्या. आपल्याकडेही डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायका प्रत्येक बांधकामावर दिसतात. त्यांच्या हातात ओळंबा आणि थापी दिली, त्यांचं नाव पुकारलं, तर कातकरवाडीतली पोरगी विटा पाडण्याऐवजी विटा रचायला शिकेल आणि कदाचित गावातच राहील.

२२ फेब्रुवारी २०२५ रोजी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं आणि १० लाखांना पहिला हप्ता देण्याचा सोहळा झाला. तेवढ्या घरांमागे धावणारी माणसं तीच राहणार: तोच अभियंता, तोच ग्रामसेवक.

आणि काम छत चढल्यावर संपत नाही. लंडनमध्ये १८६५ साली ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी गरिबांची घरं चालवायला घेतली तेव्हा दर आठवड्याला दारोदार जाऊन भाडं घेणं, नळ-छपराची दुरुस्ती बघणं यालाच त्यांनी खरं काम मानलं, आणि त्यासाठी बायकांना शिकवून तयार केलं. आपल्या घरकुलात भाडं नाही, घर मालकीचं आहे. पण गळती आहे, गटार आहे, पाण्याचं कनेक्शन आहे, वीजबिल आहे. अभियानाच्या गुणांत हे जवळजवळ येतच नाही, कारण पाहणी पावसाळ्याआधीच उरकलेली असते.

मावळापुरता तरी यावर उपाय फारसा खर्चिक नाही. प्रत्येक घराची जागा मोबाइलमध्ये नोंदलेली असतेच. पहिला पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, अभियंत्यानं त्याच ठिकाणी जाऊन आणखी एक फोटो घ्यावा, आतल्या भिंतीचा. ओल आहे का, चूल पेटते का, कुटुंब तिथे राहतं आहे का, एवढं लिहावं. ती नोंद ग्रामसभेत वाचली जावी आणि तालुक्याचा पुरस्कार तिच्यावरून ठरावा. भातकापणी तोंडावर असते, तरी त्या दिवसांत कातकरवाडीतली कुटुंबं अजून घरी असतात.