इंग्रजीच्या पोटातली मराठी

‘आय ॲम स्टेइंग इन मुलुंड सिन्स टेन इयर्स.’ अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही ऑफिसात, मुलाखतीत, पालकसभेत हे वाक्य कानावर पडतं. शाळेत त्यावर लाल रेघ मारतात आणि ‘लक्ष कुठे असतं?’ म्हणून विचारतात. लक्ष असतंच. बोलणाऱ्यानं नियम मोडलेला नसतो, मराठीचा पाळलेला असतो.

दहा वर्षांपासून

‘मी दहा वर्षांपासून मुलुंडला राहतो.’ राहणं अजून चालू आहे, म्हणून मराठीला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला मात्र ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. शिवाय ‘2015पासून’ काय नि ‘दहा वर्षांपासून’ काय, आपला ‘पासून’ एकच. इंग्रजी तिथे ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ अशी वाटणी करते. रशियन माणूसही नेमका इथेच अडखळतो, कारण त्याची भाषाही असं राहणं साध्या वर्तमानकाळातच सांगते.

घाटकोपरमध्ये ही चूक आणखी घट्ट होते. शेजारच्या गुजराती कुटुंबाचा ‘थी’ आणि हिंदीतला ‘से’ आपल्या ‘पासून’सारखेच वागतात. बोलणाऱ्याला खटकत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. मग सुधारणार कोण? मरे एमनो या भाषाशास्त्रज्ञानं 1956 मध्ये भारताला एक ‘भाषिक क्षेत्र’ म्हटलं होतं. शेजारी राहून भाषा एकमेकींसारख्या होतात, हे त्याचं म्हणणं उपनगरात रोज ऐकायला मिळतं.

गेलो होतो

‘काल बोरिवलीला गेलो होतो’ म्हटलं की जाऊन परत आलो, हे ऐकणाऱ्याला कळतं. तेच वाक्य ‘आय हॅड गॉन टू बोरिवली येस्टरडे’ होऊन बाहेर पडतं. इंग्रज मात्र पुढच्या घटनेची वाट बघत राहतो: गेला होतास, मग काय झालं? ‘हॅड’ म्हणजे त्याच्या लेखी भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या आधीचं काहीतरी.

‘अ’ आणि ‘द’

रशियन आणि मराठी, दोन्हींत इंग्रजीसारखी उपपदं नाहीत. म्हणून ती गळतात, नाहीतर नको तिथे चिकटतात. पण उपपदाचं काम आपण करतच नाही असं नव्हे. ‘दारात कुत्रा बसलाय’ म्हटलं तर कुठलातरी कुत्रा. ‘कुत्रा दारात बसलाय’ म्हटलं तर आपल्या माहितीतला. शब्दांची जागा बदलून आपण ‘अ’चा ‘द’ करतो. रशियनही असंच करते. हे एवढं फळ्यावर लिहून दाखवलं, तर उपपदांचे पाठ केलेले निम्मे नियम मुलांना आपसूक समजतील, असं मला वाटतं. तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. दोन भाषा शेजारी ठेवण्याची ती रीत आज उगाचच जुनाट ठरवली गेली आहे.

‘च’चा ‘ओन्ली’

‘मी घाटकोपरलाच राहतो’ याचं ‘आय स्टे इन घाटकोपर ओन्ली’ होतं. मराठीचा ‘च’, हिंदीचा ‘ही’, गुजरातीचा ‘ज’, सगळे शब्दाच्या मागे येतात. ‘ओन्ली’ही मागे गेला. हा मी कधीच सुधारणार नाही. इथे सगळ्यांना कळतो आणि ऐकायला गोडही लागतो.

सगळा दोष मराठीचा नाही

‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’: क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. मराठीतली ही एवढी मोठी गोष्ट, पण इंग्रजीत तिचा मागमूस नाही. तिथे क्रियापदाला लिंगच नसल्यानं चुकायला जागा उरत नाही. उलट ‘आय ॲम नोइंग हिम’ मराठीच्या माथी मारता येत नाही; ‘मी त्याला ओळखत आहे’ असं आपण कुठे म्हणतो? नव्यानं शिकलेला ‘इंग’ सगळीकडे लावून पाहण्याची ती हौस. या ‘इंग’ला साहित्यात आणलं निस्सीम इझिकेल यांनी. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातले हे कवी विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजी शिकवत. त्यांची ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही कविता याच इंग्रजीत आहे.

अभ्यासकांनीही याची दखल घेतली. अशोक केळकरांनी 1957 मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकात ‘मराठी इंग्लिश’वर लेख लिहिला, त्याचा विषय उच्चार होता. 1972 मध्ये लॅरी सेलिंकरनं शिकणाऱ्याच्या अशा अधल्यामधल्या भाषेला स्वतंत्र नाव दिलं आणि तिलाही स्वतःची शिस्त असते हे मांडलं.

हो की नाही?

खरा घोटाळा फोनवर होतो. ‘तुम्ही पैसे भरले नाहीत ना?’ याला आपण ‘हो, नाही भरले’ म्हणतो. म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर. इंग्रजीत तिथे ‘नो’ हवं. आपण नुसतं ‘येस’ म्हणून थांबलो, तर पलीकडचा पैसे भरले असं समजू शकतो. अशा प्रश्नाला ‘येस’ही नको आणि ‘नो’ही नको, ‘आय हॅव नॉट पेड’ असं सरळ पूर्ण वाक्य बोलावं.