न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

ऑनलाइन सर्वेक्षणात तुम्ही ‘सहमत’वर क्लिक करता, तेव्हा नकळत आणखी एक उत्तर देऊन बसता. प्रश्न पडद्यावर आल्यापासून क्लिक होईपर्यंत किती मिलिसेकंद गेले, हे पानामागची जावास्क्रिप्ट तुमच्याच ब्राउझरमध्ये मोजू शकते. आधी ‘असहमत’ निवडून मग विचार बदलला असेल, तर तेही टिपलं जातं. उत्तरांच्या मागे साचणाऱ्या अशा नोंदींना सर्वेक्षणतज्ज्ञ मिक कूपर यांनी १९९८ मध्ये नाव दिलं: पॅराडेटा.

वेळेवरून मनाचा ठाव घ्यायची कल्पना मात्र संगणकाहून कितीतरी जुनी आहे. उट्रेख्तच्या फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी १८६८ मध्ये एक साधी वजाबाकी केली. ठरलेल्या एकाच संकेताला प्रतिसाद द्यायला माणसाला अमुक वेळ लागतो. अनेक संकेतांतून निवड करून द्यायचा असेल, तर जास्त. फरक उरतो तो निवडीचा वेळ. दिसत नाही, ऐकू येत नाही, अशा विचाराची लांबी घड्याळावर उमटली!

पुढे १९८४ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदासाठी रेगन विरुद्ध माँडेल अशी लढत होती. रसेल फॅझिओ आणि कॅरोल विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी निवडणुकीच्या काही महिने आधी लोकांना टेपवर विधानं ऐकवली आणि बटणं दाबून सहमती-असहमती नोंदवायला सांगितली. निकालानंतर त्यांनी त्याच लोकांना कुणाला मत दिलं ते विचारलं. ज्यांचं बोट झटकन बटणावर गेलं होतं, त्यांचं मतदान त्यांच्या आधीच्या पसंतीशी जास्त जुळलं. १९९३ मध्ये कॅनडात जॉन बासिली यांना याहून नवलाची गोष्ट आढळली. ‘माझा निर्णय किती पक्का आहे’ याबद्दल माणूस स्वतः जे सांगतो, त्यापेक्षा त्याच्या उत्तराला लागलेला वेळच अधिक भरवशाचा निघाला!

मग झटपट उत्तर म्हणजे ठाम मत? इथेच गोम आहे. प्रश्न न वाचताच उत्तर ठोकणाराही झटपटच असतो. नेदरलँड्समधल्या ऑनलाइन सर्वेक्षणांवरच्या २०१४ च्या एका अभ्यासात शब्दामागे ३०० मिलिसेकंद ही मर्यादा धरली होती. म्हणजे वीस शब्दांच्या प्रश्नाला सहा सेकंदांच्या आत उत्तर आलं, तर ते नीट वाचलं असण्याची शक्यता कमी. अशा घाईबाजांमध्ये तक्त्यातल्या प्रश्नांना ओळीने एकच पर्याय देत सुटण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. वेग तोच, पण शेजारच्या उत्तरांकडे पाहिलं की त्याचा अर्थ बदलतो.

रेंगाळण्याचेही अर्थ अनेक. टिंग यान आणि रॉजर टूरँगो यांनी २००८ मध्ये दाखवलं की वय वाढतं तसा उत्तराचा वेळ वाढतो. प्रश्न गुंतागुंतीचा असला तरी वाढतो. शिवाय मध्येच कुणाचा फोन आला, तरी घड्याळ चालूच!

म्हणून जाणकार संशोधक तुमची तुलना आधी तुमच्याशीच करतात. एरवीच्या साध्या प्रश्नांना तुम्हाला किती वेळ लागतो, तो वजा करतात. सत्तरीतल्या आजी प्रत्येक प्रश्नाला दहा सेकंद घेत असतील, तर त्यांचे दहा सेकंद म्हणजे दुविधा नव्हे. पण एकाच प्रश्नावर त्या पंचवीस सेकंद थांबल्या, तर एकतर त्यांच्या मनात काहीतरी चाललंय किंवा प्रश्नच धड लिहिलेला नाही. त्याच प्रश्नावर बाकीचेही अडखळले असतील, तर दुरुस्त करायचा तो प्रश्न.