तपासली ती पावडर, पाणी कोणी तपासलं?

ताईंनो, गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "कंपनीतून तपासून आलेल्या औषधात जंतू कसे असतील?" असतात! इंजेक्शन पूर्ण निर्जंतुक लागतं. गोळ्या, पातळ औषध, मलम यांत थोडे जंतू चालतात, पण मोजून. प्रयोगशाळेत औषधाचा नमुना जंतूंच्या खाद्यावर घालून ३ ते ५ दिवस उबेत ठेवतात. जिवंत जंतू वाढून ठिपके दिसतात, ते मोजायचे. प्यायच्या पातळ औषधात १ मिलीला साधारण १०० चालतात. पण विष्ठेतून येणारा ई. कोलाय एकही नको.

आता लेकरांच्या अँटिबायोटिकची बाटली घ्या. तपासणी झाली ती कोरड्या पावडरची. त्यात आपण हंड्यातलं पाणी ओततो, त्याचं काय? सोबत पाण्याची कुपी असेल तर तीच वापरा. नसेल तर पाणी उकळून, पूर्ण गार करून, खुणेपर्यंतच घाला. गरम ओतलं तर औषधच बिघडतं. पाणी घातल्यावर औषध किती दिवस चालतं ते लेबलवर असतं, बरेचदा ७ दिवस. उरलेलं धाकट्याच्या पुढच्या तापासाठी फळीवर ठेवलेलं मी बऱ्याच घरांत बघते. (आमच्या आईचीही हीच काटकसर होती!) तशी बाटली घरात असेल तर आजच काढून टाका.