हक्काची खुंटी

आमच्या गावाला दोन पत्ते होते. एक आजरा तालुक्यातला. दुसरा लालबागच्या एका चाळीतला, दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. गावात कुणी ‘गाळ्यावर गेलाय’ म्हटलं की तो मुंबईत कामाला लागला असं समजायचं. मुंबईचं नाव घ्यायची गरज पडत नसे.

गाळा म्हणजे गावाने मिळून घेतलेली खोली. आजरा, चंदगड, गडहिंग्लजकडची माणसं गाळा म्हणतात, कोकणातली बरीचशी गावं बैठकीची किंवा गावकीची खोली म्हणतात. आमचा गाळा दहा बाय पंधराचा असेल. कोपऱ्यात मोरी, मधोमध एक बल्ब, दाराशेजारी देवाचा फोटो. तीन भिंतींवर लाकडी पट्ट्या ठोकलेल्या, पट्ट्यांवर खुंट्या. खुंटीखाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर वळकटी. एका माणसाच्या वाट्याला खोलीतलं एवढंच यायचं. मेंबर तीस-पस्तीस असायचे, पण निम्मे नेहमी पाळीवर, म्हणून निम्म्यांना पाठ टेकता यायची. रातपाळीचा माणूस सकाळी येऊन दुसऱ्याच्या उबेवरच आडवा व्हायचा. उन्हाळ्यात गॅलरीत, जिन्यात, खाली फुटपाथवर वळकट्या पसरत.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, या गाळ्यात अकरा वर्षं राहिले. त्यांची खुंटीही अकरा नंबरचीच होती.

अशा खोल्या कुणा एका संस्थेने काढल्या नाहीत. त्या गरजेतून उगवल्या. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी केली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा धुराड्यांनी भरला. माणसं आली रत्नागिरीहून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतली शंभरातली चौऱ्याऐंशी माणसं शहराबाहेर जन्मलेली निघाली, आणि हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे. याचा अर्थ शहरातले जवळपास निम्मे पुरुष आपलं बिऱ्हाड गावी ठेवून एकट्याने जगत होते. घर त्यांना होतंच, पण ते शेकडो किलोमीटर लांब. इथे लागत होती ती पाठ टेकायला जागा आणि आपल्याला नावाने हाक मारणारी माणसं.

१८९६ ला प्लेगची साथ आली, त्यानंतर दोन वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बीडीडी चाळी उभ्या केल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती, एकेका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. या चाळींत आणि खासगी मालकांच्या चाळींत गावोगावच्या मंडळींनी कुणा एका गाववाल्याच्या नावावर खोल्या घेतल्या. त्या टिकल्या कशा, याचं उत्तर १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यात आहे. त्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. पाच-पंचवीस रुपयांचं भाडं तीस जणांत वाटलं की गाव मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या राहू शकत होतं. शहराच्या इतिहासात या कायद्याबद्दल बरंच वाईट लिहिलं जातं, घरमालकांनी डागडुजी सोडली हे खरंही आहे. पण गिरणगावातल्या हजारो माणसांना पाय रोवायला जमीन दिली ती याच गोठलेल्या भाड्याने, हे मी आग्रहाने सांगेन.

गाळ्याचा कारभार वहीवर चाले. महिन्याची वर्गणी, केर काढायची पाळी, पाणी भरायची पाळी. दारू पिऊन आल्यास दंड. महिन्यातून एकदा बैठक बसे, तिथे गावच्या देवळाचा कळस, शाळेचे पत्रे, कुणाच्या बाळंतपणाची अडचण असे विषय निघत. गावी मनीऑर्डर गेली नाही तर ती का गेली नाही हे बैठकीत विचारलं जाई. नवा पोरगा आला की त्याला कामाला लावायची जबाबदारीही गाळ्याचीच. गावात ज्यांच्याशी बांधावरून भांडण, त्यांच्याच शेजारी इथे वळकटी टाकावी लागे.

खुंटी मात्र ज्याची त्याची. दुसऱ्याच्या खुंटीला हात लावायचा नाही हा गाळ्याचा सर्वांत मोठा कायदा. ट्रंकेला कुलूप असे, खुंटी उघडी असे, तरी तिच्यावरचं काही कधी हललं नाही, असं आबा सांगत.

त्या खुंटीवर काय असायचं? कामाचे कपडे, कापसाच्या तंतूंनी पांढुरके झालेले. आणि त्यांच्या आत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक जोड. आबांचा जोड म्हणजे पांढरा लेंगा, पांढरा शर्ट आणि टोपी. पुढे टोपी गेली आणि गडद रंगाची टेरिकॉटची पँट आली. कापड बरेचदा गिरणीच्या दुकानातून सवलतीत घेतलेलं, शिलाई चाळीखालच्या शिंप्याकडे हप्त्याने. रविवारी नळावर कपडे धुवायचे, नीळ द्यायची, भाताच्या पेजेची खळ करायची. इस्त्री घरात नसायची. पितळी तांब्यात निखारे भरायचे आणि तोच फिरवायचा. पँटची घडी रात्री वळकटीखाली दाबून ठेवायची. सकाळी तिची धार सुरीसारखी दिसे.

लहानपणी मला वाटायचं, एवढ्या गर्दीत, घामात, ज्यांच्याकडे अंथरुणापुरतीही जागा नाही ती माणसं कपड्यांसाठी इतकी का झटतात? आता वाटतं, जागाच नव्हती म्हणून झटत होती. आरसा एकच, तोही विटलेला, त्याच्यासमोर रांग. पण चाळीचा जिना उतरून लालबागच्या रस्त्याला लागलेला माणूस तीस जणांतला एक राहत नसे. भांग नीट, कॉलर ताठ, खिशाला पेन. आबांना लिहायला क्वचितच लागायचं, पेन मात्र कधी चुकलं नाही. दिवाळीला बोनस हाती पडला की पहिली खरेदी कापडाची, आणि गावी एसटीतून उतरताना तोच जोड अंगावर. गावाला मुंबई कळायची ती या शर्टातून.

कपड्याचा हा अर्थ मुंबईत सर्वांत खोलवर कुणाला कळला असेल, तर तो गावाने ज्यांचे कपडेसुद्धा ठरवून दिले होते त्या दलितांना. परळच्या पोयबावाडीत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या एक नंबरच्या चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत, परदेशातल्या शिक्षणाचा काळ सोडला तर, तिथे राहिले. गिरणी कामगारांच्या शेजारी, सामाईक नळ आणि सामाईक संडास असलेल्या चाळीत. त्या खोल्यांतून नीट सूट-बूट घालून कोर्टात जाणारा माणूस रोज हजारो कामगार बघत होते. आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, पाण्याच्या सत्याग्रहाच्या वेळी, त्यांनी बायकांना काय सांगितलं? लुगडं असं नेसा की त्यावरून कुणाला तुमची जात ओळखता येऊ नये. गळ्यात-हातांत घातलेले ते जडशीळ कथलाचे, चांदीचे दागिने टाकून द्या. स्वच्छ राहा. नेसण्याची पद्धत बदलणं हे तिथे पाण्याच्या हक्काच्या बरोबरीने बोललं गेलं, आणि ऐकलंही गेलं.

पण शहरात कपडे बदलता येतात, खोली सहजी बदलता येत नाही. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. त्यातली शीर्षककथा परक्या शहरात भाड्याची खोली शोधण्यापासूनच पेटते. आमच्या गाळ्याबद्दलही एक गोष्ट मला फार उशिरा कळली. गावच्या दलित वस्तीतली माणसं त्या गाळ्याची मेंबर कधीच नव्हती. त्यांची खोली वेगळी, नायगावला. गावाने आपल्याबरोबर देव आणला, भजन आणलं आणि वेसही आणली. आबांकडे मी हे विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. गाळ्याबद्दल प्रेमाने लिहिताना हे सोडून देता येत नाही.

धोबीतलावच्या आणि माझगावच्या गल्ल्यांत गोव्याच्या गावांनीही हेच केलं. त्यांच्या खोल्यांना कूड म्हणतात. तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला जाणारा गोंयकार, जहाज मिळेपर्यंत महिनोन्‌महिने तिथे राहायचा. ओळीने लाकडी पेट्या, भिंतीशी गावच्या पाद्रोन सायबाची, म्हणजे रक्षक संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायची, वर्षाकाठी फेस्त करायचं. फरक असलाच तर खुंटीवर लेंग्याच्या जागी सूट आणि टाय. गोव्याचं तियात्र जन्मलं तेही मुंबईतच, १८९२ साली. ते बघायला येणारे बरेचसे अशाच पेट्यांवरून उठून, नीटनेटके होऊन येत असणार.

या सगळ्यात बायका कुठे होत्या? गाळ्यात नव्हत्या, कुडातही नव्हत्या. त्या खानावळीत होत्या. एकेक बाई आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत वीस-पंचवीस गिरणीवाल्यांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालायची. किराणा उधारीवर, व्याज सावकाराचं, पैसे येणार ते पगार झाल्यावर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा १४ खानावळवाल्या एकत्र केल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. पुरुषांना मुंबईत जे घर सापडलं, त्यातला जेवणाचा भाग या बायकांनी रांधला. आबांच्या खानावळवाल्या मावशींना मी पाहिलंय. पहाटे चारला उठायच्या, पण ताटं वाढायला बसायच्या तेव्हा काठाची नऊवारी चापून नेसलेली आणि अंबाड्यात अबोलीचा गजरा. त्यांचीही खुंटी होती, चुलीपासून दूर, दाराच्या वर. धुराचा वास लागू नये म्हणून.

मी स्वतः ’९४ साली नोकरीला मुंबईत आले तेव्हा आबांचा पहिला शब्द होता, ‘आपला गाळा आहे की.’ मग त्यांनाच आठवलं. मला नोकरदार महिलांच्या वसतिगृहात एक खाट आणि अर्धं कपाट मिळालं. तिथेही खाटेशेजारच्या खिळ्याला मी माझा सुती पंजाबी ड्रेस अडकवला, तेव्हा कुठे रात्री झोप लागली. आम्हा मुलींचा गाळा खरं तर लोकलचा बायकांचा डबा होता. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली, त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. साडीवरून पंजाबी ड्रेसवर कधी यावं, ऑफिसात ओढणी कशी लावावी, कुठला शिंपी वेळेवर देतो, दसऱ्याला डब्यात कुठली फुलं लावायची, सगळं तिथे ठरे. कानातल्यांचा पुठ्ठा घेऊन येणाऱ्या बाईकडून घेतलेले मोत्याचे टॉप्स अजून माझ्याकडे आहेत.

त्याच्या कितीतरी आधी, १८ जानेवारी १९८२ ला, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कित्येक परत आत गेलेच नाहीत. आबा गावी आले, ट्रंक घेऊन. अकरा नंबरची खुंटी चुलत्याच्या पोराला गेली. गाळे रिकामे होतील असं वाटलं होतं, झाले नाहीत. सिक्युरिटीत, कुरिअरमध्ये, हॉटेलात काम करणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तिथे येत राहिली. आता चाळीच पडताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ जणांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांचा आनंद मला पूर्ण समजतो. सामाईक संडासासमोर पिढ्या घालवल्यात त्यांनी. प्रश्न गाळ्यांचा आहे. खोली कागदावर एकाची आणि हक्काने गावाची. टॉवरमधला फ्लॅट कुणाच्या नावावर होणार, आणि पुढच्या वर्षी बारावी होऊन येणाऱ्या पोराने ट्रंक कुठे ठेवायची, यावर आमच्या गावच्या तीन बैठका झाल्या. निकाल लागलेला नाही.

गेल्या महिन्यात मी गाळ्यावर गेले. पट्ट्या त्याच, वर तेलरंगाचे आकडे. अकरा नंबरच्या खुंटीला निळा, कडक इस्त्रीचा शर्ट होता आणि त्यावर नेमप्लेट लावलेली. मी फोटोसाठी मोबाईल काढला तसा चटईवर बसून पाठ करत असलेला पोरगा धडपडत उठला.

“आत्या, शर्ट काढू काय? खुंटी दिसंना झालीया.”

“राहू दे,” म्हटलं. फोटो शर्टासकटच काढला.