मुंबईची धावपट्टी आणि उजवीकडची खिडकी

वारंवार विमानप्रवास करणाऱ्या माणसाला मुंबईच्या आकाशात घिरट्या घालीत बसण्याची सवयच होऊन जाते; परंतु या विलंबाचे एक कारण जमिनीवरील रचनेतच दडलेले आहे, हे पुष्कळ सहप्रवाशांच्या गावीही नसते. येथे धावपट्ट्या दोन असल्या, तरी त्या परस्परांना छेदून जात असल्यामुळे दोहोंचा एकाच वेळी स्वतंत्रपणे उपयोग करता येत नाही, आणि बहुतेक सारा भार मुख्य पट्टीवर पडतो. तिच्या टोकांवर ठळकपणे रंगविलेले ०९ व २७ हे आकडे सरकारी दप्तरातील अनुक्रमांकासारखे भासतात खरे. वस्तुतः होकायंत्रातील ९० व २७० अंशांचे ते संक्षिप्त रूप होय. विमान वाऱ्याला सामोरे ठेवूनच चढवणे-उतरवणे इष्ट असल्यामुळे, पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की २७ची सद्दी सुरू होते. अशा वेळी निघताना उजवीकडची खिडकी मागून घ्यावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. कारण लगेच खाली जुहूचा जुना तळ दिसतो, जेथे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले होते. पुढे १९७२ साली एक जपानी प्रवासी विमान, सांताक्रूझचा मुख्य विमानतळ समजून, याच तोकड्या पट्टीवर उतरले आणि पट्टी संपली तरी थांबले नाही!