घरची घडी विस्कटली, बैलजोडीचं काय करावं?

घरात दवाखाना निघाला की पहिलं बोट जोडीकडं जाते. थांबा, आधी कुटार मोजा. ४०० किलोच्या बैलाले दिवसाले ८ ते १० किलो वाळला चारा लागतो, म्हणजे जोडीले महिन्याचे ५-६ क्विंटल. हिरवा चारा येईपर्यंत पुरते काय?

नसेल पुरत, तर एक बैल विका अन् दुसरा शेजाऱ्याच्या बैलासोबत जुपा. चारा आपापला. डवरणीची पाळी आजच ठरवा. उघाड पडली की दोघांलेही त्याच दिवशी जोडी पाहिजे, भांडण तिथंच होते.

दोन्ही विकायचे असतील तर पेरणीआधी, बैल अंगानं भरलेले असताना विका. कानात १२ अंकी बिल्ला पाहिजेच. मालकी बदल जनावरांच्या दवाखान्यात नोंदवा. म्हाताऱ्या बैलाले गिऱ्हाईक धरून चालू नका, २०१५ पासून कत्तलबंदी आहे.