गादीचे ऑपरेशन झाले. दुखणे मागे राहू नये म्हणून

कमरेच्या मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीखाली दबलेली नस मोकळी करणे, हे या ऑपरेशनचे मुख्य काम. पायात उतरणारी कळ त्याने लवकर शमते. कंबरदुखी मात्र उरू शकते.

■ प्रमाण : कमरेच्या मणक्याच्या शस्त्रक्रियांनंतर शेकडा १० ते ४० जणांचे दुखणे रेंगाळते, असे वेगवेगळे अभ्यास सांगतात.

■ कारणे : गादी पुन्हा सरकणे, नसेभोवती व्रण धरणे, नसेला आधीच झालेली इजा, हालचालीची भीती, नैराश्य.

■ आधी : पायातली ताकद जात नसेल, लघवी अडकत नसेल, तर घाई नको. बहुतेकांना काही आठवड्यांत औषध-व्यायामाने उतार पडतो. ऑपरेशन ठरलेच, तर तंबाखू, मिश्री, सिगारेट सोडा; साखर आटोक्यात ठेवा.

■ नंतर : अंथरुणाला खिळू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर चालू लागा, फिजिओथेरपी मध्येच सोडू नका. निफाड-दिंडोरीची द्राक्षछाटणी, लासलगावची कांद्याची गोणी, सातपूर-अंबडची कारखान्यातली पाळी, प्रत्येक कामावर परतण्याची मुदत वेगळी. ती विचारून घ्या.

■ तीन महिन्यांनंतरही दुखते? पुन्हा तपासून घ्या. नसेच्या दुखण्याची औषधे वेगळी असतात. मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठर आणि मूत्रपिंडाला अपाय करतात. निवडक रुग्णांना वेदना-चिकित्सातज्ज्ञांकडील इंजेक्शन किंवा मज्जारज्जू-उत्तेजक यंत्राचा उपयोग होतो.

■ त्याच क्षणी रुग्णालय गाठा : लघवी अडकली, जांघेत बधिरपणा आला, पाय लुळा पडला, ताप चढला किंवा जखमेतून पू आला तर.